आईच्या हौदाचं पाणी

माझं शिक्षण तिसरी. तीही अर्धीच धरा, कारण परीक्षेला मी दोनच विषयांना बसलो आणि तिसऱ्या दिवशी गुरं घेऊन रानात गेलो. पण पाण्याबद्दल मला कुणी शिकवू नये, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा पहिल्याच वर्षी मी बॉयलरवर लागलो. आधी चिपाड ओढायला, मग आग सांभाळायला, मग पाण्यावर. बॉयलरच्या पाण्याला कधी खार धरतो, ते नळीला कधी खायला लागतं, हे मला नुसत्या वासावरनं कळायचं. मोठे साहेब लोक विचारायला यायचे. हे मी आजही ताठ मानेनं सांगेन. पुढं जे लिहितो आहे ते मात्र आजवर घरातसुद्धा पुरतं कुणाला सांगितलेलं नाही.

आईचे गुडघे बहात्तरच्या दुष्काळात गेले. पाझर तलावाच्या कामावर ती दीड वर्ष दगड वाहत होती. सकाळी घमेलं डोक्यावर घ्यायची ते दिवस कलताना खाली ठेवायची. मिळालेल्या सुकडीतली निम्मी माझ्या लेकरांसाठी पदरात बांधून आणायची. तेव्हा तिनं कधी हूं की चूं केलं नाही. दहा-बारा वर्षांनी गुडघ्यांनी वसुली चालू केली. बसली की उठता येईना, उठली की बसता येईना. परंड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे गरम पाणी. रोज अर्धा तास कंबरेपर्यंत गरम पाण्यात बसवा."

यष्टीत परत येताना आई म्हणाली, "कंबरंपर्यंत पानी कुठनं आणायचं? डाक्टरला काय, बोलायला पानी लागत न्हाय."

मी म्हणालो, "म्या बॉयलर चालवतो. तुला पाण्यात बसवायला मला काय अवघड हाय?"

परसात कडुनिंबाखाली मी सिमेंटचा हौद बांधला. आत उतरायला दोन पायऱ्या, बसायला कट्टा, कडेला धरायला लोखंडी दांडी. कारखान्याच्या भंगारातली नळी विचारून आणली, तिचं वेटोळं केलं आणि हौदाच्या बाहेर चूल घालून वेटोळं त्या चुलीत बसवलं. नळीचं एक तोंड हौदाच्या तळाला, दुसरं वितभर वर. खाली तुराट्या पेटवल्या की नळीतलं पाणी तापून वरच्या तोंडानं हौदात यायचं आणि तळाचं गार पाणी आपोआप नळीत जायचं. हात लावायला नको, ढवळायला नको. अख्खं गाव बघायला आलं. जवळच्या ईट गावचा एक गवंडी सायकलवरून मुद्दाम येऊन गेला. आई पहिल्यांदा पाण्यात बसली तेव्हा डोळे मिटून म्हणाली, "ह्यो सरग हाय बाबा." ते वाक्य मी कारखान्यात किती जणांना सांगितलं असेल त्याला मोजमाप नाही.

पण असं पाणी भरून भागत नाही, ते सांभाळावं लागतं. नदीचं पाणी आपलं आपण धुऊन निघतं, हौदाचं साचलेलं असतं आणि वर गरम. त्यात घाण झपाट्यानं वाढते. म्हणून मी नियम केले. आईनं आधी बाहेर तांब्याभर पाण्यानं पाय धुवायचे, मग उतरायचं. अंगाला तेल लावून उतरायचं नाही, तेलाचा तवंग धरतो. रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातनं वरचं पाणी गाळायचं. कडेला बुळबुळ लागली की काथ्यानं घासायची. वर पत्र्याचं झाकण. आठ दिवसांनी ग्रामपंचायतीतली पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचं नितळ पाणी तेवढं हौदात सोडायचं आणि वास जाईस्तोवर झाकण उघडं ठेवायचं. हे सगळं मी नीट करत होतो. आणि महिन्यानं सगळं पाणी काढून झाडांना घालायचं आणि नवं भरायचं, असं ठरलेलं होतं.

ते ठरलेलं राहिलं नाही. त्या साली परत पावसानं पाठ फिरवली. दिवाळीत हौद भरला तेव्हा विहिरीला माणूसभर खोल पाणी होतं. संक्रांतीला विहिरीच्या तळातले दगड दिसायला लागले. टँकर चार दिवसांनी यायचा आणि बायका त्याच्यामागं पळायच्या. अशात हौद रिकामा करून परत भरणं कुणाला शोभलं असतं? मी ठरवलं, हेच पाणी टिकवायचं. बॉयलरमध्ये आम्ही तेच पाणी फिरवून फिरवून वापरतोच की. शेजारची काकू म्हणालीसुद्धा, "तेच पानी किती दिस रं? डबकं होईल." मी म्हणालो, "डबकं हुईल ते तुमच्या हातचं. हे माझ्या हातचं हाय."

पाणी गढूळ झालं की मी तुरटी फिरवायचो. घाण तळाला बसायची, पाणी काचेसारखं व्हायचं. पण तुरटी फार झाली की पाणी आंबट होतं, आणि आंबट पाणी लोखंडाला खातं. एक दिवस नळीच्या वरच्या तोंडातनं तांबूस पाणी आलं. नळी गेली तर परत कुठून आणू?

बॉयलरला ह्यावर उपाय ठरलेला असतो. पाण्यात सोडा टाकायचा आणि लिटमसचा तांबडा कागद बुडवून बघायचा. कागद चांगला गडद निळा झाला की नळी सुखात. मी कारखान्याच्या लॅबमधनं कागदाची पुडी मागून आणली, घरी धुण्याचा सोडा होताच, आणि आईच्या हौदाला बॉयलरचा हिशेब लावला.

लॅबमध्ये तेव्हा आमच्याच गावचा एकजण केमिस्ट होता. गावाच्या दक्षिणेला बौद्ध वस्ती आहे, तिथला. बीएस्सी झालेला, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, पण हुद्द्यानं वर. कारखान्यात सगळे त्याला साहेब म्हणायचे. मी 'का रं' म्हणायचो. तो मला दादा म्हणायचा. पुडी देताना त्यानं विचारलं, "दादा, बॉयलरची पुडी तर बॉयलरवरच हाय. ही कशाला?"

मी सांगितलं. अभिमानानंच सांगितलं, सगळं, वेटोळ्यापासून.

तो म्हणाला, "हौद झकास केलाय तुमी. पण दादा, बॉयलरच्या पाण्याला निळा कागद लागतो, कारन आत लोखंड असतं. तुमच्या हौदात माणूस बसतंय. तांबडा कागद तांबडाच राहिला पायजे आन निळा निळाच. दोनीबी बदलले न्हाईत तर पानी माणसाला चांगलं."

"मग नळी गंजू दे म्हणतोस?"

"नळीचं बघता यील. एखाद्या रविवारी येऊन बघू का?"

मी पटकन म्हणालो, "नको. आईचं सोवळं लई कडक हाय."

आईचं सोवळं. माझ्या आईनं उभ्या जन्मात सोवळं पाळलं नव्हतं. बहात्तरला त्याच तलावाच्या कामावर ह्या केमिस्टची आई आणि माझी आई एकाच पाळीत होत्या, एकाच पिंपातलं पाणी प्यायच्या. मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. तो नुसता "बरं" म्हणाला आणि काचेच्या नळीतला उसाचा रस बघायला लागला.

मला त्याचं सांगणं पटलं नाही असं नव्हे. मला ते त्याच्याकडून घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या कुणी, एखाद्या पुण्याच्या साहेबानं तेच सांगितलं असतं तर मी संध्याकाळी घरी जाऊन सोडा बंद केला असता. आज सांगतो, तसंच होतं.

पंधरा दिवसांनी आई खाजवायला लागली. उतरायला काचकूच करायची. "आज ऱ्हाऊ दे," म्हणायची. मी म्हणायचो, "गुडघं दुखतेत का न्हाय? मग बस." ती बसायची. कसं वाटतं विचारलं की म्हणायची, "लई बरं वाटतंय." शेजारणींनाही तेच सांगायची. एकदा चार बायका परसात बसल्या होत्या, आई पाण्यात होती आणि हात खाली घालून पोटरी खाजवत होती. मला वाटलं, ही पाय न धुता उतरते. मी त्या बायकांसमोर म्हणालो, "किती डाव सांगितलं, आधी पाय धुवून उतरत जा. माती घेऊन उतरतीस आन मग खाजतंय म्हणतीस. माझी सगळी मेहनत घाण करतीस."

आई म्हणाली, "चुकलं बाबा. उद्यापासनं धुतीन."

ती रोजच धुवत होती. बायकोनं मला नंतर सांगितलं.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी केमिस्ट दारात आला. हातात काचेची बाटली, खिशात कागद. मी फाटकाशीच उभा राहिलो. "आत या" म्हणालो नाही.

"दादा, एवढं पानी द्या भरून. हितंच बघतो," तो म्हणाला आणि बाटली पुढं केली.

मी बाटली घेतली नाही. ती हौदात बुडवायला लागली असती. परसात गेलो, कोंबड्यांना पाणी ठेवायचं पत्र्याचं एक डबडं होतं, ते तांब्यानं भरून आणलं आणि फाटकाच्या दगडावर ठेवलं. त्यानं डबड्याकडं पाहिलं. कडेला कोंबडीची विष्ठा वाळलेली होती. बाटली त्यानं खिशात घातली, खाली बसला आणि कागद बुडवला. कागद गडद निळा झाला.

मी म्हणालो, "बघ. पाळीवर असा कागद निघाला असता तर शाबासकी दिली असतीस."

"पाळीवर दिली असती," तो म्हणाला. "ह्यात म्हातारीला उतरवू नका, दादा. कातडं सोलून निघंल. आजच रिकामा करा हौद."

"ह्या सालात पानी सांडू? लोक जोड्यानं मारतील मला."

"भांडी घासा, अंगण सारवा. पन माणूस घालू नका."

"आई बरं वाटतंय म्हणती. तुला जास्त कळतंय का तिला?"

तो उठला. जाताना डबडं उचलून त्यानं पाणी बाजूला ओतलं आणि डबडं पालथं करून दगडावर नीट ठेवलं. मला त्याचा राग आला. दुपारी मी हौदात आणखी एक मूठ सोडा टाकला. नळीसाठी टाकला असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्याच्या नाकावर टिच्चून टाकला.

त्यानंतर आई पाच दिवस पाण्यात बसली. पाच. मी मोजलेत.

सहाव्या दिवशी पाळीवरून आलो तर बायको ओट्यावर बसली होती, चूल पेटवली नव्हती. "काय झालं?" म्हणालो.

"आत्याबाईंचं लुगडं सोडवतीय सकाळधरनं," ती म्हणाली. "पायाला चिकटलंय. तुमी जरा बघा, तुमच्या हौदानं काय केलंय."

आई आत बाजेवर पडली होती. मी लुगडं वर केलं. गुडघ्यामागं आणि पोटऱ्यांवर कातडं लालभडक, जागोजागी फाटलेलं, पाणी सुटलेलं. काही ठिकाणी लुगड्याचे धागे जखमेत रुतले होते. बायको कोमट पाण्यानं एकेक धागा भिजवून काढत होती.

मी म्हणालो, "बोलली का न्हाईस?"

आई म्हणाली, "तू एवढं खपून केलंस. गावात सांगत सुटलास. म्या कसं बोलू?"

मग डोळे मिटून म्हणाली, "गुडघं मातर खरंच बरं वाटत व्हतं रं."

मी परसात गेलो आणि हौदाचं खालचं बूच काढलं. पाणी कडुनिंबाच्या आळ्याकडं वाहायला लागलं. बोळातून कुणीतरी पाहिलं, आणि पाच मिनिटांत बायका घागरी, कळशा, पातेली घेऊन धावत आल्या. दुष्काळात वाहतं पाणी दिसलं की माणूस विचारत नाही. शेजारच्या काकूनं कळशी बुचाखाली धरलीसुद्धा.

"धरू नका," मी म्हणालो.

"का? सांडायला हाय, आमाला द्यायला न्हाय व्हय?"

"त्यात सोडा लई झालाय. अंगाला लावू नका. जनावराला पाजू नका."

"मग म्हातारीला का बशिवत व्हतास?"

 काकूनं कळशीतलं पाणी ओतून दिलं आणि रिकामी कळशी कमरेवर घेऊन गेली. तिच्यामागं बाकीच्या गेल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हौद रिकामा व्हायला तासभर लागला. तो सगळा तास मी तिथं उभा होतो, कारण घरात जायचं म्हणजे आईसमोर जायचं.

संध्याकाळच्या आत मी दक्षिणेच्या वस्तीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. केमिस्टचं घर विचारावं लागलं. तो अंगणात खाट टाकून पेपर वाचत होता. मला बघून उठला, खाट मोकळी केली.

"आईचं पाय सोलवटलेत," मी म्हणालो.

त्यानं "म्या सांगितलं व्हतं" असं म्हटलं नाही. विचारलं, "जखमंत पानी सुटलंय का? मग घरगुती काय लावू नका. निर्मळ साध्या पाण्यानं पुन्ना पुन्ना धुवा, आन उद्या पहिल्या गाडीनं परंड्याला न्या. सोडा पडला म्हणून डाक्टरला सरळ सांगा. लपवू नका."

त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. स्टीलचा लखलखीत पेला, खाली ताटली. त्यांच्या वस्तीत टँकर गावाच्या मागून यायचा, उरलंसुरलं मिळायचं. मी ते पाणी प्यालो. प्यालो म्हणून काही मोठेपणा सांगत नाही. घसा कोरडा पडला होता आणि नको म्हणायला तोंड उरलं नव्हतं. पेला परत देताना मला सारखं ते पालथं घातलेलं डबडं दिसत होतं. त्याबद्दल बोलावं असं वाटलं. बोललो नाही. "येतो" म्हणालो आणि निघालो.

डॉक्टर मला फार बोलले. ते योग्यच होतं. आईचे पाय भरून यायला दोन महिने लागले. कातडीवर पांढरे चट्टे राहिले, आणि हौद बंद असल्यानं गुडघे परत आखडले. उन्हाळाभर ती बाजेवरून हौदाच्या दिशेनं बघायची, पण बसते असं म्हणायची नाही. मी विचारायचो नाही.

पावसाळ्यानंतर नवरात्राच्या सुमाराला विहिरीला पाणी आलं. मी हौद घासला, नळीचं वेटोळं काढून टाकलं आणि तांब्याच्या बंबातनं पाणी तापवून घालायचं ठरवलं, म्हणजे गंजायला काही राहायला नको. हौद भरला. आईला म्हणालो, "चल."

ती म्हणाली, "त्यानं बघितलंय का?"

"कुणी?"

"लॅबातल्यानं. त्यानं हात घालून बघितल्याबिगर म्या उतरायची न्हाय."

"अगं, कागद हाय माझ्याकडं. दोनी कागद बघतो. मला आता कळतंय."

"तुला तवाबी कळत व्हतं," आई म्हणाली. "आन माझ्या सोवळ्याचं काय सांगितलंस त्याला? परवा गाडीतनं बाजारला गेलते तवा त्याची आई मला म्हणाली. माझं सोवळं कधी बघितलंस रं तू?"

मी त्याला बोलवायला गेलो. तो आला. फाटकाशी थांबला. दगडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दादा, हात घालू का डबड्यात काढून आनता?"

 आई परसातल्या बाजेवर बसली होती, तिनं ऐकलं. "ये रं बाबा आत. घाल हात. चांगला कोपरापर्यंत घाल," ती म्हणाली.

तो आत आला. बाही वर सारली, हौदाशी वाकला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

आता खोटं कशाला लिहू. त्याचा हात माझ्या आईच्या पाण्यात गेला तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. एवढं सगळं झाल्यावर, आईचे चट्टे डोळ्यासमोर असताना, त्याच्या घरचं पाणी पिऊन आलेला असताना, तरी हललं. त्यानं वर पाहिलं आणि त्याला माझ्या तोंडावर ते दिसलं. दिसलं हे मला नक्की ठाऊक आहे, कारण त्यानं नजर काढून घेतली आणि दुसऱ्या हातानं दोन्ही कागद बुडवले. तांबडा तांबडा राहिला, निळा निळा.

"बरोबर हाय," तो म्हणाला, आईला म्हणाला. "जरा गरम जास्त हाय. एक कळशी गार वता."

मी कळशी ओतली. आई त्याचा हात धरून पायऱ्या उतरली. दांडी मी बसवली होती, ती तिनं धरली नाही. ती पाण्यात बसली, डोळे मिटले. पहिल्या वेळचं ते वाक्य ह्या वेळी बोलली नाही. मी बंबाशी जाऊन विस्तव सारखा करत बसलो.

त्यानंतर आई सात वर्षं जगली. दर महिन्याला पाणी बदललं की ती त्याला निरोप धाडायची, आणि तो यायचा, हात घालायचा, चहा घेऊन जायचा. कपबशी घरातलीच असायची. मी आजपर्यंत त्याची माफी मागितलेली नाही. तो आता धाराशिवला लेकाकडं राहतो असं ऐकतो. यष्टीनं दोन-अडीच तास लागतात. जायचं म्हणून मी दोनदा स्टँडवर जाऊन परत आलोय.